पंखा फिरतोय, पण हवा खेचतोय का?

कारखान्यातला पंप बंद पडला की दहा मिनिटांत बोंब होते. कॉम्प्रेसर गेला तर अख्खी लाइन थांबते आणि फिटरला शोधायला माणसं धावतात. पट्ट्यावर चालणाऱ्या एक्झॉस्ट ब्लोअरचं तसं होत नाही. पट्टा सैल झाला, पात्यांवर थर चढला, डक्टचा कॅनव्हास फाटला, तरी तो आपला फिरतच असतो. पॅनेलवर हिरवा दिवा आहे, वरून घरघर ऐकू येते आहे, म्हणजे सगळं ठीक, असं धरून महिने जातात. फरक कळतो तो खाली मशिनपाशी उभ्या असलेल्या माणसाला. त्याचे डोळे चुरचुरतात, संध्याकाळी डोकं धरतं. त्यानं तक्रार केली की सुपरवायझर वर बघून म्हणतो, ‘ब्लोअर चालू आहे ना?’

ब्लोअर चालू असणं वेगळं आणि हवा खेचली जाणं वेगळं. पुढे जी माहिती दिली आहे, तिचा सगळा रोख या एका गोष्टीवर आहे.

आपल्या भागात हे पंखे कुठे आहेत

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचं काम १ ऑगस्ट १९६२ रोजी सुरू झालं ते ठाण्यातल्या वागळे इस्टेटमधून. आज तिथे कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या आहेत. पंखे मात्र गेले नाहीत, जागा बदलून तळघरात आणि गच्चीवर गेले. पार्किंगमधला धूर बाहेर फेकणारे, एसीच्या हवा-युनिटमध्ये बसलेले, हॉटेलच्या भटारखान्याचा तेलकट धूर खेचणारे पंखे बहुतेक पट्ट्यावरचेच असतात.

डोंबिवलीच्या दोन्ही फेजमध्ये रंग, रसायनं, औषधांचा कच्चा माल आणि कापड प्रक्रिया असे उद्योग शेजारी शेजारी आहेत. रासायनिक कारखान्यात रिअ‍ॅक्टरच्या तोंडावरची वाफ खेचून स्क्रबरमध्ये ढकलायला ब्लोअर लागतो. कापडवाल्यांच्या स्टेंटरवर गरम, तेलकट, तंतू मिसळलेली हवा काढायला लागतो. शहाडला व्हिस्कोस रेयॉन बनतं. त्या प्रक्रियेत कार्बन डायसल्फाइड आणि हायड्रोजन सल्फाइड हे दोन्ही विषारी वायू निघतात, म्हणून तिथे वायुवीजन हा उत्पादनाचाच भाग धरावा लागतो. अंबरनाथ-बदलापूरच्या फाउंड्री आणि फॅब्रिकेशन शेडमध्ये धूळ आणि वेल्डिंगचा धूर असतो. कामं निरनिराळी, पण पंखा जवळपास तोच: मोटर बाजूला, दोन पुल्या, दोन-चार व्ही-बेल्ट, दोन बेअरिंगांवर शाफ्ट आणि शाफ्टच्या टोकाला इम्पेलर.

मोटर थेट शाफ्टला जोडायचं सोडून मध्ये पट्टा कशाला, असा प्रश्न नवीन माणसाला पडतो. तीन कारणं आहेत. गरम किंवा आम्लाची वाफ असलेल्या हवेपासून मोटर लांब राहते. बाजारात सहज मिळणारी १४४० फेऱ्यांची मोटर घेऊन पंखा हव्या त्या गतीनं चालवता येतो. आणि उद्या डक्ट वाढली, हवा कमी पडायला लागली, तर पुली बदलून भागतं. बदल्यात शंभरातली तीन ते सात टक्के शक्ती पट्टा खातो, आणि त्याची निगा गळ्यात पडते.

आकडा काढायचा तो असा

पंख्याची तब्येत कळायला लागणारं पहिलं हत्यार म्हणजे टॅकोमीटर. पुलीवर चमकणारी चिकटपट्टी लावून लांबूनच वाचणारा साधा डिजिटल टॅकोमीटर दोन-तीन पट्ट्यांच्या किमतीत येतो. तरी बऱ्याच छोट्या युनिटांत तो नसतो, याचं मला नेहमी नवल वाटतं.

समजा १० एचपीची मोटर आहे, गती १४४०. मोटरची पुली १६० मिलिमीटर, पंख्याची २५०. मग पंख्याची गती १४४० गुणिले १६० भागिले २५०, म्हणजे साधारण ९२२. चांगला ताणलेला व्ही-बेल्टही एखादा टक्का मागे राहतोच, तेव्हा प्रत्यक्षात ९१०-९१५ दिसले तर गाडी रुळावर आहे. दिसले ८६५, तर गती सहा टक्क्यांनी उतरली आहे. सहा टक्के म्हणजे किरकोळ, असं वाटतं. पण हवा गतीच्या प्रमाणात कमी होते आणि दाब गतीच्या वर्गानं. म्हणजे हवा सहा टक्के आणि दाब जवळजवळ बारा टक्के गेला. लांब डक्टच्या शेवटच्या हुडाशी आधीच ओढ बेताची असते, तिथे हा फटका सगळ्यात आधी जाणवतो.

शक्तीचा नियम तर घनाचा आहे, आणि तो दुसऱ्या बाजूनं चावतो. हवा कमी येते म्हणून कुणीतरी हुशारी करून १६०च्या जागी १८० मिलिमीटरची पुली चढवतो. गती साडेबारा टक्के वाढते, शक्ती मात्र बेचाळीस टक्के जास्त लागते. दहा एचपीची मोटर भरून चालत असेल तर आता तिच्याकडे चौदा एचपी मागितले जातात. ओव्हरलोड रिले ट्रिप मारतो. मग रिलेचं सेटिंग वाढवलं जातं, आणि थोड्याच दिवसांत मोटर रिवाइंडिंगला जाते. इम्पेलर त्या गतीसाठी बनवलेला असतो का, हा प्रश्न तर कुणी विचारतच नाही. पुलीचा व्यास वाढवायच्या आधी पंखा बनवणाऱ्याकडून कमाल गती विचारून घेणं, ही मी सक्तीची गोष्ट मानतो.

टाँग टेस्टर लावून अँपिअर बघायची सवय सगळ्यांना असते, आणि तिथेच फसगत होते. ४१५ व्होल्टवर १० एचपीची मोटर पूर्ण भाराला १४ अँपिअरच्या आसपास घेते. ती ९ घेत असेल तर वायरमन खूश होतो, ‘लोड कमी आहे, मोटर मस्त चालली आहे’ म्हणतो. पण सेंट्रिफ्यूगल पंखा कमी हवा हलवू लागला की बहुधा कमीच अँपिअर घेतो. पट्टा घसरतोय, डॅम्पर बंद राहिलाय, फिल्टर तुंबलाय किंवा डक्टमध्ये चिंधी अडकली आहे, या सगळ्यांची खूण कमी अँपिअर हीच असू शकते. बसवल्या दिवशी किती होते ते लिहून ठेवलेलं असेल तरच आजच्या आकड्याला अर्थ.

आणखी एक सापळा फिरण्याच्या दिशेचा. मोटर रिवाइंडिंग होऊन आली, वायरमननं तीन वायरी जोडल्या, पंखा सुरू झाला. दोन फेज उलटसुलट लागले तर तो उलटा फिरतो. भिंतीतला पात्यांचा पंखा उलटा फिरला तर हवा आत फेकतो, लगेच कळतं. सेंट्रिफ्यूगल ब्लोअर मात्र उलटा फिरूनही हवा त्याच दिशेनं ढकलतो, फक्त बरीच कमी. आवाज आहे, वारा आहे, अँपिअर आहेत, सगळं आहे. म्हणून केसिंगवर बाण रंगवलेला असतो. तो गंजानं पुसला गेला असेल तर आधी तो रंगवून घ्यावा.

हुडाच्या तोंडाशी हवा खरंच आत जाते का, ते बघायला अ‍ॅनिमोमीटर उत्तम. उघड्या टाकीवरून सावकाश उठणारी वाफ पकडायला वाफ उठते तिथे सेकंदाला पाव ते अर्धा मीटर वेग लागतो. हत्यार नसेल तर अगरबत्तीचा धूर कुठे वळतो ते बघूनही अंदाज येतो. अर्थात ज्वालाग्राही द्रावक नसलेल्या ठिकाणीच.

पट्टा का जातो

‘यंदाचे बेल्ट हलके आले’ हे वाक्य प्रत्येक स्टोअरमध्ये ऐकू येतं. कधी ते खरं असतंही. पण तोच पट्टा शेजारच्या पंख्यावर दोन वर्षं टिकतो आणि या पंख्यावर तीन महिन्यांत तुटतो, तेव्हा दोष पट्ट्याचा नसतो. तुटलेला पट्टा भंगारात टाकण्याआधी हातात घेऊन नीट बघावा. बिघाड कुठे आहे, ते बहुतेक त्यावरच उमटलेलं असतं.

दोन्ही बाजू आरशासारख्या गुळगुळीत, कडक झालेल्या दिसल्या तर पट्टा घसरत होता, ताण कमी होता. एकच बाजू झिजलेली असेल तर पुल्या एका रेषेत नव्हत्या. आतल्या अंगाला आडव्या भेगा असतील तर उष्णता किंवा पट्ट्याच्या मानानं फार लहान पुली. फुगून मऊ, चिकट झाला असेल तर तेल किंवा ग्रीस लागलं आहे, बहुधा शेजारच्या बेअरिंगमधून. बाकी पट्टा नवा कोरा आणि एकाच जागी आतले दोरे तुटलेले असतील तर तो चढवताना टॉमी घालून उचकटला गेला. शेवटचा प्रकार फार सर्रास आहे. मोटर मागेपुढे करायला पाच मिनिटं लागतात, ती वाचवायला पट्टा पहारीनं पुलीवर चढवतात. बाहेरून काही दिसत नाही, आतला दोरा मात्र तिथेच जातो.

बेल्टगार्डच्या खाली, बेसफ्रेमवर पडलेली काळी पूड हीसुद्धा बातमीच. चांगल्या ड्राइव्हखाली अशी पूड साठत नाही. दर आठवड्याला तिथे बोट फिरवून बघणं ही फुकटातली तपासणी आहे. दुसरी फुकटातली तपासणी सुरू करतानाची. स्टार्टर दाबल्यावर क्षणभर चीं आवाज येऊन थांबला तर एक वेळ चालेल. जड इम्पेलर गतीला येताना तसं होतं. पण किंचाळणं पाच-सात सेकंद चाललं तर पट्टा मोटरला साथ देत नाही.

पट्टा घसरतो म्हणून त्यावर राळ किंवा बेल्ट ड्रेसिंग लावायची जुनी पद्धत अजून जिवंत आहे. ती सपाट चामडी पट्ट्यांच्या जमान्यातली. व्ही-बेल्ट खाचेच्या तिरक्या बाजूंवर पाचरीसारखा बसून शक्ती ओढतो, त्याला चिकटपणा लागत नाही. राळेनं दोन दिवस आवाज थांबतो, मग तीच धूळ धरते आणि खाच खाते.

आणि खाच खाल्ली गेली असेल तर नवा पट्टा काय करणार? हा मुद्दा जरा ताणून सांगतो, कारण पैसे इथेच वाया जातात. व्ही-बेल्टनं खाचेच्या फक्त बाजूंना टेकायचं असतं, तळाला कधीच नाही. पुलीची खाच पट्ट्याच्या आकाराप्रमाणे ३४ ते ३८ अंशांची असते. बाजू झिजून आत वक्र झाल्या की पट्टा खाली बसतो, तळाला टेकतो आणि पाचर सुटते. तळ चकचकीत दिसला की समजावं. खाचेत गेज लावून बघावं. बाजूची झीज पाऊण-एक मिलिमीटरच्या पुढे गेली असेल तर पुली बदलायची वेळ झाली. झिजलेल्या पुलीवर वर्षाला तीन सेट पट्टे घालणाऱ्याला एका नव्या पुलीचा खर्च डोळ्यांत खुपतो, हे मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे.

शुक्रवारचं काम

डोंबिवली एमआयडीसीतल्या बऱ्याच कारखान्यांची आठवडी सुटी शुक्रवारी असते, आणि पट्टे बदलायचं काम त्या दिवसावर ठेवलं जातं. वरच्याच १० एचपी ब्लोअरचं उदाहरण पुढे चालवू. त्यावर बी सेक्शनचे तीन पट्टे आहेत, नंबर बी-७९. बी म्हणजे वरची रुंदी १७ मिलिमीटर आणि जाडी ११. ७९ म्हणजे आतली लांबी, इंचांत. तुटला एक असला तरी बदलायचे तिन्ही, एकाच कंपनीचे आणि शक्य तर एकाच लॉटचे. दोन जुने ताणून लांबलेले आणि एक नवा असला की सगळा भार नव्यावर येतो आणि तो आधी जातो. नागपूरची पिक्स किंवा मदुराईची फेनर, जे मिळेल ते घ्या, पण एका पुलीवर मिसळ नको.

पहिलं काम वीज तोडण्याचं, आणि ते फक्त स्टॉप बटण दाबून होत नाही. बरेच ब्लोअर आता रिअ‍ॅक्टरच्या किंवा स्क्रबरच्या इंटरलॉकवर, टायमरवर असतात. कंट्रोल रूममधून कुणी दुसरंच काही सुरू केलं की हा आपोआप फिरायला लागतो. म्हणून आयसोलेटर बंद, त्यावर कुलूप, किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात, आणि नावाची पाटी. मग स्टार्ट दाबून बघायचं, खरंच मेला आहे ना. एवढं करूनही इम्पेलर फिरू शकतो. उंच चिमणीच्या ओढीनं किंवा त्याच डक्टवरच्या दुसऱ्या पंख्यामुळे तो वाऱ्यावर गरगरतो, आणि पुली-पट्ट्याच्या मध्ये सापडलेल्या बोटाला वीज आणि वारा यातला फरक कळत नाही. डॅम्पर बंद करून शाफ्ट लाकडाच्या ठोकळ्यानं किंवा दोरानं अडकवून ठेवावा.

मग मोटरचे चार बोल्ट सैल करून ती स्लाइड रेलवर पंख्याकडे सरकवायची, इतकी की जुने पट्टे हातानं निघतील. खाचा तारेच्या ब्रशनं साफ करून गेज लावायचा. पुली काढायची असेल आणि ती टेपर लॉकची असेल तर हातोडा उचलू नये. बुशचे दोन्ही स्क्रू काढून त्यातला एक तिसऱ्या, जॅकच्या भोकात घालून आवळला की बुश टक्कन सुटतो. खाडीकाठच्या खारट दमट हवेत तो शाफ्टला धरून बसतो हे खरं, पण त्याला उपाय गंज सोडवणारं तेल आणि थोडी वाट बघणं. हातोड्याचा प्रत्येक घाव पलीकडच्या बेअरिंगला बसतो.

रेषेत आणायला लेझर असेल तर छान, नसेल तर सूतदोरी पुरते. पंख्याच्या पुलीच्या लांबच्या कडेपासून मोटरच्या पुलीच्या लांबच्या कडेपर्यंत दोरी ताठ धरली की ती चार जागी टेकली पाहिजे, दोन कडा या पुलीच्या आणि दोन त्या. तीनच जागी टेकली तर मोटर तिरकी आहे किंवा पुली शाफ्टवर आतबाहेर आहे. पुल्यांच्या कडांची जाडी सारखी नसेल तर तेवढा फरक आधी वजा करायचा. व्ही-बेल्टला अर्ध्या अंशापर्यंतचा तिरकेपणा चालतो, म्हणजे मीटरभर अंतरात जेमतेम नऊ मिलिमीटर. मोटरचा एखादा पाय अधांतरी असेल तर त्याखाली पत्र्याची शिम घालावी. नुसता बोल्ट आवळून पाय खाली ओढला की मोटरची बॉडीच पिळवटते.

आता ताण. अंगठ्यानं दाबून ‘बरा वाटतो’ म्हणणारे जुने फिटर बऱ्याचदा बरोबर असतात, पण त्यांचा अंगठा त्यांच्याबरोबर निवृत्त होतो. मोजून करायची रीत सोपी आहे. दोन पुल्यांमधला पट्ट्याचा मोकळा भाग मीटरभर असेल तर मधोमध दाबल्यावर तो १६ मिलिमीटर दबला पाहिजे; आपल्या पंख्यावर तो भाग ७०० मिलिमीटर आहे, म्हणजे ११ मिलिमीटर. तेवढं दाबायला या मापाच्या पुलीवर बी पट्ट्याला साधारण दोन ते तीन किलोचा जोर लागावा. कमी जोरात दबला तर सैल, जास्त लागला तर घट्ट. स्प्रिंगचा ताणकाटा आणि पट्टी एवढ्यावर काम होतं. नवे पट्टे सुरुवातीला थोडे जास्त, सव्वापट-दीडपट ताणावे लागतात, कारण ते खाचेत बसताना सैल पडतात.

आणि म्हणूनच काम शुक्रवारी संपत नाही. चोवीस ते अठ्ठेचाळीस तास चालल्यावर पंखा पुन्हा बंद करून ताण पुन्हा बघायचा असतो. शनिवार-रविवारी उत्पादन जोरात असतं, हे राहून जातं, आणि नवे पट्टे पहिल्याच महिन्यात घसरून चकचकीत होतात. माझ्या मते पट्ट्यांच्या अकाली मरणाचं हेच सगळ्यात मोठं कारण.

घट्ट ताणणं सुरक्षित, असंही कुणी समजू नये. जादा ताण थेट बेअरिंगवर जातो. बॉल बेअरिंगवरचा भार दुप्पट झाला तर त्याचं आयुष्य अर्धं होत नाही, एक अष्टमांश होतं. पंख्याचं पुलीकडचं बेअरिंग वारंवार जात असेल आणि इम्पेलरकडचं टिकत असेल तर ताणाकडे संशयानं बघावं.

बेअरिंगला ग्रीस किती

जास्त ग्रीस म्हणजे जास्त काळजी, हा समज बेअरिंगच्या मुळावर येतो. प्लमर ब्लॉकची पोकळी तिसऱ्या हिश्शापासून फार तर अर्ध्यापर्यंत भरायची. ठासून भरली की ग्रीस घुसळलं जातं, तापतं, तेल सुटतं आणि सील बाहेर ढकललं जातं. ते सुटलेलं तेल पट्ट्यावर उडतं, म्हणजे एका चुकीचे दोन बळी.

पुन्हा भरायचं प्रमाण काढायचा सोपा हिशेब आहे: बेअरिंगचा बाहेरचा व्यास गुणिले रुंदी, दोन्ही मिलिमीटरमध्ये, गुणिले ०.००५. उत्तर ग्रॅममध्ये येतं. पन्नासच्या शाफ्टवरचं २२२१० बेअरिंग घेतलं तर व्यास ९०, रुंदी २३, म्हणजे दहा ग्रॅमच्या आसपास. आपल्या ग्रीसगनचा एक दट्ट्या किती ग्रॅम टाकतो ते एकदा काट्यावर तोलून गनवरच लिहून ठेवावं. निप्पल आधी पुसावं, नाहीतर रसायनाची पूड ग्रीसबरोबर आत जाते. बहुतेक पंख्यांना लिथियम ग्रीस चालतं. काही मोटरींत पॉलियुरिया ग्रीस असतं, आणि ही दोन्ही एकमेकांत मिसळली तर पातळ होऊन वाहू शकतात.

ब्लॉकला हात लावून ‘गरम आहे’ म्हणण्यापेक्षा इन्फ्रारेड थर्मामीटरनं दर आठवड्याला एकाच जागी मोजलेलं तापमान कामाचं. सत्तरच्या वर दर १५ अंशांना ग्रीसचं आयुष्य अर्ध्यावर येतं. ग्रीस घातल्यावर थोडा वेळ तापमान चढतं आणि मग उतरतं. उतरलं नाही तर जास्त झालं आहे.

इम्पेलर आणि कंप

पात्यांवर सारखा थर चढला तर हवा कमी होते, पण कंप फारसा येत नाही. त्या थराचा एखादा पोपडा सुटून पडला की मात्र पंखा हादरायला लागतो. रंग आणि इंटरमीडिएटच्या चिकट पुडीत हे नेहमीचं. म्हणून साफ करायची तर सगळी पाती, पुढून-मागून, हबपर्यंत. अर्धवट साफ केलेला इम्पेलर न केलेल्यापेक्षा वाईट. आम्लाच्या वाफेनं पात्याची कड खाल्ली गेली असेल, त्यावर वेल्डिंग करून तुकडा लावला असेल, तर बॅलन्सिंग केल्याशिवाय पंखा सुरू करू नये. एफआरपीच्या इम्पेलरमध्ये हबच्या कडेनं येणाऱ्या केसासारख्या चिरा बघाव्यात. तो वाकत नाही, एकदम फुटतो.

औद्योगिक पंख्यांच्या कंपासाठी आयएसओ १४६९४ हे मानक वापरतात. नेहमीच्या मध्यम पंख्याला, तो पक्क्या पायावर असेल तर, सुरुवातीला सेकंदाला ४.५ मिलिमीटरच्या आत, ७.१ला इशारा आणि ९ला बंद, अशी त्याची पायरी आहे. स्प्रिंगवर बसवलेल्या पंख्याला मुभा जास्त. पण कंप वाढला की लगेच इम्पेलर उतरवायला घेण्याआधी फाउंडेशनचे बोल्ट, ब्लॉकचे बोल्ट आणि पुलीची चावी बघावी. स्वस्त कारणं आधी तपासलेली बरी.

पावसाळ्याच्या तोंडावर

ठाणे जिल्ह्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. गच्चीवरच्या ब्लोअरची खरी परीक्षा तेव्हा. मे महिन्यात तीन गोष्टी बघाव्यात. केसिंगच्या बुडाचं ड्रेनचं भोक: ते गाळानं बुजलेलं असतं, पाणी साठतं आणि इम्पेलर त्यात बुडून सुरू होतो. बेल्टगार्डवरचं छप्पर: गार्ड जाळीचाच हवा, म्हणजे पट्ट्याची उष्णता निघून जाते आणि तो दिसतो, पण वरून आडोसा हवा, कारण ओला पट्टा घसरतो. आणि डक्टच्या तोंडावरची टोपी. आठ-पंधरा दिवस बंद राहिलेली मोटर पावसाळ्यात सुरू करण्याआधी मेगर लावावा. एक मेगाओहम ही जुनी किमान कसोटी; निरोगी मोटर त्याहून कितीतरी जास्त दाखवते.

जिथे द्रावकाची वाफ आहे तिथे

घसरणारा पट्टा तापतो आणि रबर-पुलीच्या घर्षणानं स्थिर विद्युतही तयार होते. टोल्युईन किंवा मिथेनॉलची वाफ असलेल्या ठिकाणी या दोन्ही गोष्टी एकत्र नकोत. तिथे आयएसओ १८१३ प्रमाणे अँटिस्टॅटिक असलेलेच पट्टे घ्यावे, केसिंग आणि बेसफ्रेमचं अर्थिंग मोजून बघावं, आणि इम्पेलर जिथे केसिंगला घासू शकतो तिथे ठिणगी न पडणाऱ्या धातूचा कडा आहे ना ते पाहावं. फ्लेमप्रूफ मोटरचा एखादा बोल्ट हरवला म्हणून साधा नट-बोल्ट मारणं म्हणजे ती फ्लेमप्रूफ न राहणं. अशा ठिकाणी हवा थांबल्याचं कळवणारा फ्लो किंवा दाबाचा स्विच हवाच. मोटर चालू असल्याचा सिग्नल त्याच्या जागी चालत नाही, कारण पट्टे तुटले तरी मोटर मजेत फिरत असते.

कायद्यानं काय सांगितलं आहे

१९४८च्या कारखाने अधिनियमात कलम १३ हवा आणि तापमानाचं, १४ धूळ आणि धुराचं. धूर जिथे निघतो त्याच्या शक्य तितक्या जवळ तो खेचला पाहिजे, असं १४वं कलम सांगतं. कलम २१ गार्डचं. कलम २२ चालत्या यंत्राजवळच्या कामाचं: ते प्रशिक्षित माणसानंच, घट्ट कपडे घालून, रजिस्टरात नाव असेल तरच करायचं. २१ नोव्हेंबर २०२५पासून त्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० हिनं घेतली आहे. कलमांचे आकडे बदलले, तरी उघड्या पुलीत लुंगीचं टोक किंवा ओढणी अडकायची ती तशीच अडकते.

वही आणि कपाट

प्रत्येक पंख्याला वहीचं एक पान पुरतं. वरच्या बाजूला कायमची माहिती: मोटरचा एचपी, दोन्ही पुल्यांचे व्यास, पट्ट्याचा नंबर आणि संख्या, बेअरिंगचा नंबर, काढलेली गती, बसवल्या दिवसाचे अँपिअर आणि हुडाशी मोजलेला वेग. खाली महिन्याला एक ओळ: गती, अँपिअर, दोन्ही बेअरिंगचं तापमान, कंप. गतीचा रकाना रिकामा सोडायचा नाही, बाकी एखादा राहिला तर चालेल. पट्टे बदलले की तारखेशेजारी कारण लिहावं, ‘तुटला’ एवढंच नको, तर ‘एक बाजू झिजली’ असं.

पट्ट्यांचा जास्तीचा सेट खिळ्याला टांगलेला जवळपास प्रत्येक वर्कशॉपमध्ये दिसतो. महिनोन्‌महिने एकाच जागी लटकून तो तिथेच वाकतो. कपाटात, सावलीत, मोटरी आणि वेल्डिंग मशिनपासून लांब, मोकळी गुंडाळी करून ठेवावा. त्या यंत्रांच्या ठिणग्यांतून तयार होणारा ओझोन रबराला भेगा पाडतो. तिन्ही पट्टे एकत्र बांधून वर पंख्याचा नंबर आणि खरेदीचं वर्ष लिहावं, म्हणजे कुणी घाईत त्यातला एकच सोडवून दुसरीकडे नेणार नाही.